भाठा

यंदा लेखकांना आम्ही विषय दिला होता, 'गावाबाहेर'. स्मशान आलं, पाणवठा आला, वेशीवरचा मारुती तर तिघांनी पाठवला. विमानतळ कुणालाच सुचला नाही. ती उणीव आता संपादकानेच भरून काढायची.

आम्ही रायपूरकर विमानतळाला अजून 'माना'च म्हणतो. २०१२ साली त्याला स्वामी विवेकानंदांचं नाव मिळालं. स्वामी स्वतः १८७७ मध्ये, पोरवयात, नागपूरपासून पुढे बैलगाडीने इथे आले होते, ही त्यातली गंमत.

छत्तीसगढी शेतकरी जमिनीला चार नावांनी ओळखतो: कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा. कन्हार म्हणजे आपली काळी. भाठा म्हणजे लाल, मुरमाड माळ. मूठभर उचललात तर हाताला माती लागत नाही, वाटाण्याएवढे खडे तेवढे टोचतात. धान होत नाही, फार तर कोदो-कुटकी. म्हणून गावाने तो गुरांना सोडलेला. पण भाठ्यावर पाणी ठरत नाही आणि चाक रुतत नाही, आणि विमानाला नेमकी अशीच जमीन लागते. मुंबईत जुहूची धावपट्टी पावसाळ्यात चिखलात जाई, तेव्हा टाटांच्या टपालविमानांना पुण्याला मुक्काम हलवावा लागे. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांनी १९३९ साली विमानं उतरवली ती उजळाईवाडीच्या माळावर. बिलासपूरजवळ महायुद्धातली धावपट्टी आहे, त्या गावाचं नावच चकरभाठा! साहेबांनी मोजमापं बरीच घेतली असतील. गुराख्याला विचारलं असतं तरी त्याने तीच जागा दाखवली असती.

मान्यालाही युद्धाने धावपट्टी दिली, बराकी दिल्या. युद्ध सरलं, बराकी उरल्या. १९६४च्या सुरुवातीला खुलना-ढाक्यात दंगली पेटल्या आणि निर्वासितांनी भरलेल्या आगगाड्या रायपूरला येऊ लागल्या. माणसं उतरवली ती याच माळावर. इथून दंडकारण्यात, परलकोट नाहीतर मलकानगिरीला पाठवायचं, तोवरचा तात्पुरता मुक्काम. तो तात्पुरता शब्द किती वर्षं ताणला गेला! पत्त्यात अजून 'माना कॅम्प' लिहावं लागतं. पिकत नाही ती जागा द्यायला कोणाची ना नसते. आधी विमानांना दिली, मग माणसांना.

भाद्रपदात पाहुण्यांना विमानतळावर सोडून परतताना कॅम्पाच्या बाजारात मासळीसाठी थांबलो. मासळीवाल्या मावशींच्या दारात पुईची वेल छपरापर्यंत चढली होती, पानं हाताच्या पंजाएवढी. भाठ्यात ही आली कशी, विचारलं. मावशी बंगाली वळणाच्या छत्तीसगढीत म्हणाल्या, माती इथली नाही, तरियाची आहे. तलावातला गाळ, त्यांच्या सासूने डोक्यावरून आणलेला. खाली मुरूम, वर वीतभर गाळ. तो दर पावसाळ्यात थोडा वाहून जातो. मग दोन टोपल्या पुन्हा आणायच्या.