आशेचे भांडवल कोणाचे?

व्यवस्थापनशास्त्राच्या कोशात ‘मानसिक भांडवल’ या शब्दाची भर पडली, त्याला आता बराच काळ लोटला आहे. यंत्र, पैसा आणि श्रम यांच्या जोडीला कामगाराच्या मनाचीही नोंद जमाखर्चाच्या वहीत होऊ लागली आहे. अमेरिकेतील फ्रेड लुथान्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ग्रंथरूपाने मांडलेल्या या कल्पनेत आशा, आत्मविश्वास, चिवटपणा आणि आशावाद या चार गुणांचा समावेश होतो. २४ प्रश्नांच्या प्रश्नावलीने ते मोजता येतात व अवघ्या काही तासांच्या प्रशिक्षणाने वाढविता येतात, असा या संशोधकांचा दावा आहे.

हे सारे थोतांड म्हणून झटकून टाकणे योग्य होणार नाही. २०११ मध्ये ५१ स्वतंत्र नमुन्यांचे एकत्रित विश्लेषण झाले. या गुणांबरोबर कामातील समाधान व कार्यक्षमता वाढलेली आणि ताण कमी झालेला त्यात आढळला. परंतु आशावादी कामगार चांगले काम करतो, की चांगल्या परिस्थितीत काम करणारा आशावादी होतो, हे एकदाच भरून घेतलेली प्रश्नावली सांगू शकत नाही.

त्याचे उत्तर अन्यत्र शोधावे लागते. कामाचा बोजा मोठा आणि निर्णयाचा अधिकार अल्प असेल तेथे मानसिक ताण सर्वाधिक असतो, हे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ सालीच दाखविले. ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासाच्या १९९७ मधील निष्कर्षांत, कामावर ताबा नसलेल्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचे दिसले. आत्मविश्वासाचा सर्वांत बलवान उगम स्वतः कार्य तडीस नेण्याच्या अनुभवात असतो, असे आल्बर्ट बांडुरा सांगत. हा अनुभव व्याख्यानाने येत नाही. त्यासाठी अधिकार हाती असावा लागतो.

महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. बारा तास राबणाऱ्यास चिवटपणाचे धडे देणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे माहात्म्य सांगणे होय.

व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग असावा, असे राज्यघटनेचे ४३-अ हे कलम १९७६ पासून सांगत आहे. मनोबलाच्या प्रश्नावल्या कारखान्यात येतील तेव्हा कामगार संघटनांनी त्यांवर बहिष्कार घालू नये. कामाचे तास, कामाचा वेग आणि निर्णयातील वाटा यांविषयीचे प्रश्नही त्यांत घालण्याचा आग्रह धरावा, आणि उत्तरे कामगारांसमोर उघड करण्यास मालकांना भाग पाडावे. आशा ही कामगाराची मिळकत आहे. तिच्यावरील व्याज दुसऱ्याने खावे, हे त्याने का सोसावे?