घंटेची नक्षी आणि घंटेचा नाद

विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळीं इटलींतील घरगुती वस्तूंनाहि कलेचा स्पर्श झाला, असें कलारसिक मंडळी मोठ्या गौरवानें सांगतात, आणि पुराव्यादाखल सरदारांच्या व धर्माधिकाऱ्यांच्या टेबलावरील हातघंटेकडे बोट दाखवितात. वस्तु देखणी आहे यांत वाद नाहीं. पदुआ व व्हेनिस येथील ओताऱ्यांनीं पंधराव्या-सोळाव्या शतकांत ओतलेल्या या लहानशा कांशाच्या घंटांवर फुलापानांच्या माळा असतात आणि बहुधा मालकाच्या घराण्याची ढाल असते. आमची तक्रार एवढीच कीं, या मंडळींच्या लेखांतून ही घंटा कधीं वाजतच नाहीं.

वास्तविक ती वाजण्यासाठींच केलेली. मेणाच्या नमुन्यावर नक्षीच्या पट्ट्या चिकटवून ओतारी वाटेल तेवढी शोभा आणूं शके. परंतु तांब्यांत कथील किती घालावें हें शोभेवरून ठरत नसे. साधारणतः चार भाग तांबें व एक भाग कथील असलें म्हणजे धातु खणखणीत वाजतो. कथील याहून फार वाढलें कीं तो ठिसूळ होतो. इ. स. १५४० मध्यें व्हेनिसला प्रसिद्ध झालेल्या आपल्या धातुविद्येवरील ग्रंथांत बिरिंगुच्चोनें घंटा ओतण्याच्या विद्येची बारकाईनें चर्चा केली आहे. हातघंटेंतील हा सारा खटाटोप नादासाठीं, आणि नाद दाराबाहेरच्या नोकरासाठीं! नक्षी मालकाच्या हातांत राही. नोकराच्या वाट्याला फक्त आवाज येई.

राफाएलनें इ. स. १५१८ च्या सुमारास काढलेलें दहाव्या लिओ पोपचें चित्र पाहावें. टेबलावर सचित्र हस्तलिखित उघडलेलें आहे, पोपच्या हातीं भिंग आहे, शेजारीं कोरीव घंटा आहे. टीकाकार भिंग व पोथी यांवरून त्याच्या विद्याप्रेमावर व्याख्यान देतात आणि घंटेची ‘सुंदर कारागिरी’ म्हणून एका ओळींत बोळवण करतात! या विद्याप्रेमी पुरुषाला वाचतां वाचतां उठावें लागत नसे, हें त्यांना दिसत नाहीं काय?

त्याच चित्रांत मागें उभा असलेला जूलिओ दे मेदिची हा पुढें सातवा क्लेमेंट या नांवानें पोप झाला. त्याच्या नांवाशीं दुसऱ्या एका घंटेची कथा जडलेली आहे. अठराव्या शतकांत होरेस वॉलपोल या इंग्रज संग्राहकाजवळ सरडे व कीटक यांनीं मढविलेली चांदीची घंटा होती. ती चेल्लिनीनें क्लेमेंटसाठीं घडविली असा त्याचा समज होता. आज ती ब्रिटिश म्युझियममध्यें असून न्यूरेम्बर्गच्या वेन्झेल याम्निट्झर या सोनाराची कृति मानली जाते. कर्त्याचा एवढा शोध झाला. नादासरशीं धांवणाऱ्याचा प्रश्न मात्र कोणास सुचूं नये?

कोणी म्हणेल, आरडाओरडा करण्यापेक्षां घंटा सौम्य. मान्य. परंतु हांक मारावयाची तर नांव घ्यावें लागतें. घंटेला त्याची गरज नाहीं. फ्लँडर्समधील मेखेलेन येथील याच काळच्या घंटांवर ओतारी आपलें नांव व सालहि घालीत, ईश्वराच्या स्तुतीचे शब्दहि घालीत. ओताऱ्याचें नांव आहे, ईश्वराचें आहे, इटलींत ढालीच्या रूपानें मालकाचेंहि आहे.

आणि ज्या फ्लॉरेन्सचा मानवतावाद आपण आळवितों, त्या नगरानें इ. स. १३६३ मध्यें, महामारीनंतर माणसें मिळेनात म्हणून, ख्रिस्ती नसलेले गुलाम बाहेरून आणण्यास मोकळीक दिली होती. त्यांत बहुतेक स्त्रिया असत. हातघंटांच्या भरभराटीच्या काळीं पगारी नोकरच अधिक होते हें खरें. पण त्या घरांना चाकरीची संवय कोठून लागली हें विसरून चालणार नाहीं.

पुरावा नाहीं ही सबब येथें टिकत नाहीं. फ्लॉरेन्सच्या कुटुंबांनीं ठेवलेल्या खासगी नोंदवह्यांत दासींचीं व दायांचीं नांवें आहेत, त्या कामाला केव्हां लागल्या तें आहे, त्यांचा पगारहि आहे. घंटांवर लिहिणाऱ्यांनीं त्या वह्या एकदां उघडाव्या.