आधी निदान, मग क्लच

मार्च 2024 मध्ये सागरी किनारा रस्ता खुला झाला आणि दक्षिण मुंबईतल्या स्पोर्ट्‌स कारना पळायला सुमारे दहा किलोमीटर मिळाले. पण त्याच गाडीला परळ-लालबागला यायचे असते, तेव्हा तिची खरी परीक्षा सुरू होते. सप्टेंबर 2025 मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाल्यापासून दादरच्या टिळक पुलावर आणि करी रोडच्या पुलावर वाहनांचा भार वाढला आहे. चढावर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवायची, दोन हात पुढे सरकायचे, पुन्हा थांबायचे. इंजिनाची मोठी ताकद न घसरता चाकांपर्यंत पोहोचावी म्हणून या गाड्यांच्या प्रेशर प्लेटची स्प्रिंग कडक ठेवलेली असते. अशा रांगेत क्लचप्लेट तापते, झिजते आणि एक दिवस पेडलखालून आवाज येऊ लागतो किंवा पेडल अडकते.

मग गॅरेजमधले ठरलेले वाक्य कानी पडते : "पूर्ण सेट टाकावा लागेल." गिऱ्हाईकही मान डोलावते. हा व्यवहार बदलायला हवा.

आवाज नेमका कधी येतो, यावरून बरेच कळते. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. पेडल मोकळे असताना घरघर येत असेल आणि दाबताच थांबत असेल, तर पहिला संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरच्या बेअरिंगचा. पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंगचा. इंजिन बंद असतानाही पेडल करकरत असेल, तर दोष बहुधा पेडलच्या बुशमध्ये किंवा फोर्कच्या टेकूवर असतो. पहिल्या दोन दुखण्यांसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तिसरे कित्येकदा साफसफाई आणि ग्रीसवर भागते.

अडकणाऱ्या पेडलचेही तसेच. हायड्रॉलिक क्लचमध्ये पाय फक्त मास्टर सिलिंडरमधले तेल ढकलतो. पुढचे काम स्लेव्ह सिलिंडर करतो. हे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. ओलावलेले तेल इंजिन-सायलेन्सरच्या उष्णतेने लवकर उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल खाली बसते. मधोमध इंजिन असलेल्या गाड्यांत तर ही नळी पुढून मागपर्यंत जाते, त्यामुळे हवा अडकायला जागाही जास्त. कुणी चुकून इंजिन ऑइल ओतले, तर आतली रबरी सील फुगतात. जुना रबरी पाइप आतून सुजला, तर तेल जाते पण परतत नाही. यांतल्या एकाही दोषात क्लचप्लेटचा काही अपराध नसतो.

पावसाळ्यातली तऱ्हा आणखी वेगळी. हिंदमातासारख्या सखल भागात पाणी तुंबते आणि जमिनीलगत बसलेल्या गाडीच्या क्लचपर्यंत ते सहज पोहोचते. नंतर गाडी महिनाभर उभी राहिली की गंजाने प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. पेडल नीट खाली जाते, पण गिअर पडत नाही. जाणता मेकॅनिक ती आधी सोडवून पाहतो. प्लेट सुटली आणि ती जाड असेल, तर तीच पुढे चालते.

केईएमच्या ओपीडीत तपासल्याशिवाय कुणी रुग्णाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण ते खपवून घेतो, कारण आपल्याला सुट्या भागाची किंमत पटते, तपासणीची नाही. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारातून आणलेल्या सेटचे बिल गिऱ्हाईक निमूट भरते आणि तासभर आवाज ऐकून दोष शोधणाऱ्याच्या मजुरीवर घासाघीस करते. साहजिकच गॅरेजचे पोट भागांवर चालते.

गिअरबॉक्स एकदा उतरवलाच, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्र बदलण्यात शहाणपण आहे. या बाबतीत मेकॅनिकचे म्हणणे बरोबर आहे. वाद आहे तो गिअरबॉक्स उतरवण्याआधीच्या तासाचा. भाग दुर्मीळ असतील, तर तो तास आणखी मोलाचा. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली, रेनॉचे 1149 सीसीचे इंजिन असलेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी गाडी घ्या. तिचे उत्पादन कधीच थांबले. अशा गाडीचा चांगला भाग घाईने भंगारात टाकला, तर तो पुन्हा शोधायचा कुठे?

म्हणून तपासणीची फी वेगळी आकारली जावी आणि गाडीमालकाने ती कुरकुर न करता द्यावी. जॉब कार्डवर आवाज कधी येतो, तेलाची पातळी आणि रंग काय, पेडल कुठे पकडते, हे काम सुरू होण्याआधी लिहिले जावे. काढलेले भाग मालकाच्या हाती द्यावेत. एवढे पाळले, तर दोष शोधण्यात मुरलेल्या कारागिराला त्या कौशल्यावरच कमावता येईल, आणि त्याच्या हाताखालचा पोरगाही नुसते नट-बोल्ट खोलण्याऐवजी आवाज ओळखायला शिकेल.