आधी फोन, मग रडणं

‘बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड बंद होणार आहे’ या फोनला शिकलेसवरलेलेही फसतात, म्हणून फसलेल्याला मूर्ख ठरवणं मला मुळीच पटत नाही. समोरचा आपलं नाव-पत्ता बिनचूक सांगतो आणि फोन ठेवू देत नाही. मेख तिथेच आहे. फोन ठेवा आणि कार्डामागे छापलेल्या नंबरवर स्वतः लावा. ओटीपी बँकेलाही सांगायचा नसतो. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणाला, तरी भारतीय कायद्यात तशी अटकच नाही. खरा घात होतो तो नंतरच्या गप्प बसण्याने. घरचे बोलतील या भीतीने माणूस दोन दिवस तोंड उघडत नाही, तोवर पैसे भाड्याच्या खात्यांतून फिरून एटीएममधून निघूनही जातात. आईवडिलांना आजच सांगा: पैसे गेले तरी कुणी रागावणार नाही, आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा. लगेच कळवलं तर रक्कम वाटेतच गोठवली जाऊ शकते. बँकेलाही त्याच वेळी कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ओटीपी आपणच दिलेला असला तरी, कळवल्यानंतर जे जाईल ते नुकसान बँकेने सोसायचं आहे.