परतीच्या पावसातील विजा आणि पंपाचा कंट्रोलर

कल्याण, मुरबाड, शहापूर पट्ट्यात परतीच्या पावसात दुपारनंतर विजा कडाडतात. त्याच सुमारास भातकाढणी उरकून भेंडीसारख्या भाजीपाल्यासाठी पंपाची तयारी सुरू होते. पूर्वी शेतात साधा स्टार्टर असे. आता मोबाईल ऑटो स्विच आहे आणि २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेमुळे सौर कंट्रोलरही बांधावर आला आहे. पंप आधुनिक झाला, तसा नाजूकही झाला.

वीज आपल्याच शेतात पडावी लागत नाही. जवळपास पडली तरी लांब केबलमध्ये क्षणभर प्रचंड व्होल्टेज निर्माण होते. फ्यूज किंवा एमसीबी तुटायला मिलिसेकंद लागतात. ही लाट मायक्रोसेकंदांत सर्किट जाळून जाते.

यावर उपाय सर्ज प्रोटेक्टर. तो लाट जमिनीत वळवतो, पण आर्थिंग चांगले असेल तरच. मुरमाड, खडकाळ जमिनीत आर्थिंग कमकुवत राहते. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

• आर्थिंगची तपासणी वायरमनकडून करून घ्यावी; खड्ड्यात ओलावा राखावा.
• प्रोटेक्टर आणि कंट्रोलर एकाच आर्थिंगला जोडावेत. प्रोटेक्टरची जोडवायर आखूड, सरळ ठेवावी.
• प्रोटेक्टरची खूणखिडकी लाल दिसल्यास तो बदलावा.
• ‘दामिनी’ ॲपवर इशारा येताच, गडगडाटापूर्वी पुरवठा बंद करावा. विजा सुरू झाल्यावर पेटीला हात लावू नये.

कंट्रोलर पुन्हा मिळेल, जीव नाही.