आधी मोजा, मग अडवा

मार्क बेअर, किम्बर्ली ह्यूबर आणि स्टीफन वॉरन यांनी २००४ साली फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम या मुलांचा बौद्धिक विकास मंदावणाऱ्या आनुवंशिक आजाराबद्दल मांडलेला सिद्धांत इतका सुटसुटीत होता की त्याची भुरळ पडणे साहजिकच होते. चेतापेशींच्या जोडांवरचा एमग्लूआर-५ हा ग्लुटामेट रिसेप्टर तिथल्या प्रथिननिर्मितीला चालना देतो आणि एफएमआरपी हे प्रथिन तिला लगाम घालते. ते प्रथिन बनवणारे एफएमआर-१ जनुक बंद पडले की लगाम सुटतो. मग रिसेप्टरच दाबून धरला तर? २००७ मध्ये बेअर यांच्या प्रयोगशाळेत एमग्लूआर-५चे प्रमाण जनुकीय मार्गाने निम्म्यावर आणलेल्या उंदरांमध्ये बरेचसे दोष कमी झाले. अंडकोषांचा वाढलेला आकार मात्र जसाच्या तसा राहिला. आज मागे वळून पाहताना तेवढ्या एका अपवादाकडेही जरा जास्त लक्ष जायला हवे होते, असे वाटते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. नोव्हार्टिसचे मॅव्होग्लुरंट आणि रोशचे बेसिमग्लुरंट ही दोन्ही औषधे किशोरवयीन आणि प्रौढ रुग्णांमधल्या चाचण्यांत प्लासिबोपेक्षा सरस ठरली नाहीत.

दोष कुणाचा? औषध उशिरा दिले, असे एक उत्तर होते. म्हणून मॅव्होग्लुरंट लहान मुलांना भाषाशिक्षणाच्या जोडीने देऊन पाहिले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुलांची भाषा पुढे सरकलेली दिसली, पण औषध घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत फरक नव्हता. मोजपट्टी सैल होती, हे दुसरे उत्तर. त्यात तथ्य आहे. आधीच्या चाचण्यांचा भर पालकांनी भरलेल्या वर्तनाच्या प्रश्नावल्यांवर होता, आणि आशेने आलेल्या आई-वडिलांना प्लासिबोवरही मूल शांत झाल्यासारखे दिसते.

तिसरे उत्तर फारसे कुणी बोलून दाखवत नाही. जो रिसेप्टर अडवायचा, तो माणसाच्या मेंदूत किती आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे आधी पाहिलेच गेले नव्हते.

ते पाहण्याचा मार्ग म्हणजे पेट स्कॅन. एफपीईबी हा रेणू एमग्लूआर-५ला चिकटतो. त्याला फ्लोरिन-१८ जोडून शिरेतून दिले की मेंदूच्या कोणत्या भागात किती रिसेप्टर आहेत, याचा नकाशा मिळतो. कागदावर हे सोपे दिसते. फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटांचे, त्यामुळे सायक्लोट्रॉनपासून रुग्णापर्यंत सगळे घड्याळावर चालते. त्यात समोरचा रुग्ण म्हणजे स्पर्शाने दचकणारा, आवाजाला बिथरणारा, अनोळखी माणसाची नजर टाळणारा तरुण. त्याने डोके अजिबात न हलवता पडून राहायचे. किरणोत्सर्गामुळे निव्वळ संशोधनासाठी लहान मुलांचे असे स्कॅन करणे नैतिकदृष्ट्या अवघड. म्हणजे आजार बालपणाचा आणि मोजमाप प्रौढांचे, हा पेच उरतोच.

जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी तरीही हे काम केले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छोट्या, प्राथमिक अभ्यासात फ्रॅजाइल एक्स असलेल्या पुरुषांच्या मेंदूत एमग्लूआर-५ जास्त नव्हे, तर कमी आढळला.

यावरून सिद्धांत कोसळला, असे म्हणण्याची घाई नको. पेट स्कॅन रिसेप्टरची संख्या सांगतो, त्याचे काम सांगत नाही. उंदरांमध्ये या रिसेप्टरला जागेवर धरून ठेवणाऱ्या होमर प्रथिनांशी असलेले त्याचे नाते बिघडलेले आढळले आहे. म्हणजे संख्या न वाढताही संदेश चुकू शकतो. सततच्या अति-संदेशाला कंटाळून पेशीनेच रिसेप्टर कमी केले असतील, हीही शक्यता आहे. पण आधीच घटलेल्या रिसेप्टरवर आणखी अडथळा घालायचा, तर औषधाची मात्रा अंदाजाने ठरवून भागणार नाही. मॅव्होग्लुरंट आणि एफपीईबी रिसेप्टरच्या एकाच कप्प्यात बसतात, त्यामुळे औषधाने किती रिसेप्टर व्यापले हेही याच स्कॅनने मोजता येते. दुर्मिळ आजारांवरच्या पुढच्या प्रत्येक रिसेप्टर-औषधाच्या चाचणीत निदान प्रौढ स्वयंसेवकांच्या एका गटात असे मोजमाप सक्तीचे असावे, असे या मासिकाचे मत आहे.

आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात एफपीईबी येईल तेव्हा येईल. मोजण्याची पहिली पायरी मात्र आजही हाताशी आहे, आणि ती चुकते. विकास मंदावलेल्या मुलाचा एक्झोम अहवाल निर्दोष आला की फाइल मिटली जाते. एफएमआर-१ जनुक बंद पाडणारी, सीजीजी या तीन अक्षरांची दोनशेहून अधिक वेळा झालेली पुनरावृत्ती नेहमीच्या एक्झोम तपासणीत किंवा मायक्रोअ‍ॅरेत पकडली जात नाही. त्यासाठी एफएमआर-१ची स्वतंत्र पीसीआर आणि गरजेनुसार सदर्न ब्लॉट मागवावी लागते. शिवाय त्याच भेटीत आईला दोन प्रश्न विचारायला हवेत: तिच्या वडिलांना उतारवयात हातांचा कंप किंवा चालताना तोल जाण्याचा त्रास सुरू झाला का, आणि तिची स्वतःची किंवा बहिणीची पाळी चाळिशीआधीच थांबली का. ५५ ते २०० पुनरावृत्ती असलेली, म्हणजे हा दोष पुढच्या पिढीकडे नेणारी माणसे बहुधा अशाच तक्रारी घेऊन निरनिराळ्या डॉक्टरांकडे गेलेली असतात.