जंगलातला 'कचरा' आणि हिरवी वीज

"गडचिरोली-चंद्रपूरला केवढं जंगल आहे! तिथला काडीकचरा जाळून वीज केली, तर कोळसा वाचेल." आमच्या उलव्यातल्या सकाळच्या कट्ट्यावर परवा एका सद्गृहस्थांनी हे ऐकवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काही ते पटलं नाही, म्हणून हा प्रपंच.

मंडळी, माझा पहिला आक्षेप शब्दालाच आहे (मास्तरकीची खोड!). जंगलात पडलेली फांदी कचरा कधीपासून झाली? वाळवी, बुरशी, किडे तिच्यावर जगतात, पुढे तिचीच माती होते. शिवाय ती बेवारसही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात बांबूबरोबर काटक्याकुटक्या आणि झाडांचे खुंटसुद्धा धरले आहेत, आणि त्यांची मालकी तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्यांची आहे. मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना हाती यायला २०११ उजाडलं. आता त्यांच्या सरपणावरही आपला डोळा?

बरं, हिशोब करू. एका युनिटला साधारण एक ते दीड किलो सुकं लाकूड लागतं. दहा मेगावॉटचं केंद्र दिवसरात्र चाललं तर २ लाख ४० हजार युनिट, म्हणजे रोज किमान २४० टन लाकूड. दहा टनी चोवीस ट्रक, रोज! काटक्या वेचून हे भरायचं नाही. मग नजर उभ्या झाडाकडे जाते. इंग्लंडातलं ड्रॅक्सचं केंद्र पाहा. लाकडाच्या गोळ्या अमेरिका-कॅनडातून बोटीने आणतात, आणि वर ही हरित वीज म्हणून अनुदान! कॅनडातल्या लाकडाची माहिती नीट दिली नाही म्हणून २०२४ साली त्यांना अडीच कोटी पौंड भरावे लागले.

साखर कारखान्यांच्या बगॅसवरच्या विजेला माझा विरोध नाही. ऊस गाळला की चोथा कारखान्यातच असतो, तो आणायला रानात जावं लागत नाही. लाकडाच्या वखारीतल्या भुशाचंही तेच.

आणि जाळायचंच असेल तर पावसाळ्याआधी आमच्या सेक्टरातली झाडं छाटतात, त्या फांद्या आहेत की! कितीतरी दिवस फुटपाथ अडवून पडलेल्या असतात. आधी त्यांचं वजन करा, त्यांच्यावर किती युनिट निघतात ते कट्ट्यावर येऊन सांगा. गडचिरोलीचं मग बोलू, तेही तिथल्या ग्रामसभेला विचारून.